बुधरीची मूठ

बेलकुडीत फल्लीला फल्लीच म्हणतात. भुईमूग हा शब्द निकेश मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. त्याच्या मागोमाग त्यानं आणखी एक शब्द आणला, भेसळ. पहिल्या शब्दानं कुणाचं काही बिघडलं नाही. दुसऱ्यानं बुधरी हलामीला गावातून उठवलं.

बेलकुडी धानोऱ्याच्या पुढं, नाल्यापलीकडं, जंगलात. घरं तीस. बहुतेक गोंडांची, दोन-चार इतरांची. खाली बांध्यांमध्ये धान, वर टेकाडावरच्या मुरमाड तुकड्यांत फल्ली. बुधरी पन्नाशीची, बुटकी, आणि जिभेनं अशी तिखट की तिच्याशी भांडायला गेलेला माणूस आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून परत यायचा. तिचा नवरा लालसू तिच्या अगदी उलट. त्याला कुणी शिवी दिली तर तो आधी आजूबाजूला पाहायचा, दुसऱ्या कुणाला दिली की काय म्हणून.

बुधरीला एक खोड होती. फल्लीची शेंग दिसली की ती कानाशी धरून हलवायची आणि आत दाणा आहे की नुसतं वारं, ते सांगायची. लग्नाच्या पंगतीत बसली तरी हलवायची. बियाणाच्या शेंगा ती बांबूच्या ढोलीत, वरून शेणानं लिंपून ठेवायची, आणि पोरांनी त्यातली एक जरी भाजली तरी अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडायची. "बियाणाची शेंग भाजनारा आन् मायले विकनारा, दोघं सारखेच," हे तिचं ठरलेलं वाक्य.

तर या बाईला एका शुक्रवारच्या बाजारात वहाबभाईनं दुखवलं. वहाबभाई तेलघाणीवाला, गिऱ्हाइकाला खोटं न सांगणारा, आणि म्हणूनच थोडा नकोसा. त्यानं बेलकुडीच्या टोपलीतल्या चार शेंगा फोडल्या. दोन पोचट, एकीत दाणा सुरकुतलेला, एक बरी.

"बाई, मी तेल दाण्याचं काढतो, टरफलाचं नाई," तो म्हणाला. "तुमचं बियाणं थकलं. आज्यापासून तेच पेरून राह्यले. बदला ना."

गावातले दोघं-तिघं बाजूला उभे होते. ते हसले. गावाच्या फल्लीला नाव ठेवलं तर गावानं हसायचं, हे बुधरीला कधी कळलं नाही. ती टोपली डोक्यावर घेऊन तशीच परत आली. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच किडा शिरला. तीसच्या तीस घरांची फल्ली अशी भरली पाहिजे की वहाबभाईनं चार फोडाव्यात आणि चारही वेळा गप्प बसावं. बाकी तिला काही नको होतं, आणि एवढंच मागितलं म्हणूनच बहुधा ते मिळालं नाही.

पुढल्या उन्हाळ्यात निकेश आला. मूल गावचा पोरगा, शेतकऱ्यांच्या एका कंपनीत कामाला. वाईट नव्हता. हे आधीच सांगतो, कारण या गोष्टीत वाईट माणूस शोधायला जाल तर सापडणार नाही, आणि मला चीड येते ती त्याचीच. त्यानं गावात विचारलं, सुधारित वाणाचं बियाणं कोण वाढवून देईल? एक अर्धा एकर हवा. बियाणं कंपनी देईल, तपासणीचे साहेब येऊन पाहतील, पास झालं की पोत्यांना निळी चिठ्ठी लागेल.

"आन् गावाले काय?" बुधरीनं विचारलं.

"गावाले पयला हक्क, बुधरीबाई. तुमच्या तीस घरांले पुरेल एवढं इथीच ठेवू. उरलं तं कंपनी नेईल. फक्त एक ध्यानात ठेवा, यात दुसरं बियाणं मिसळू नका. एक दाणा नाई."

"नाई मिसळत," बुधरी म्हणाली. आणि ती खोटं बोलली नव्हती.

आता इथं मुठीचं सांगायला हवं. बेलकुडीत वैशाखात बीज पंडुम होतो, बियाण्याचा सण. पंडुम झाल्याशिवाय कुणी दाणा पेरत नाही. घरोघरची माणसं मूठभर बियाणं घेऊन मोहाखाली जातात. धानाचं सूप वेगळं, फल्लीचं वेगळं. गावचा भूमक पोचू, म्हणजे देवाचं पाहणारा म्हातारा, सगळ्या मुठी सुपात एक करतो, पूजा करतो, आणि मग एकेका घराला परत मूठ देतो. फल्लीची मूठ मोजून द्यायची, घरटी एक शेंग. तीस घरं, तीस शेंगा. ही मूठ घरी नेऊन आपल्या बियाण्यात मिसळायची आणि पहिल्या तासात, म्हणजे शेताच्या पहिल्या ओळीत, पेरायची. म्हणजे प्रत्येकाच्या शेतात सगळं गाव उगवतं. आणि मुठीचं झाड वेळेआधी उपटायचं नाही. उपटलं तर ज्या घरची शेंग, त्या घरावर येतं. कोणतं झाड कोणत्या घरचं हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळं कुणीच उपटत नाही. साधा हिशेब आहे.

कंपनीची शिवलेली पिशवी आली, औषध लावलेले गुलाबी दाणे आले. मृगाचा पाऊस झाल्यावर बुधरीनं टेकाडावरचा अर्धा एकर पेरला, आणि पहिल्या तासात मूठ पेरली. दुसरं बियाणं मिसळू नका हे तिला पक्कं आठवत होतं. पण मूठ म्हणजे दुसरं बियाणं, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. मूठ म्हणजे गाव. तुम्ही जेवताना पाणी पिता, ते काय जेवणातली भेसळ म्हणून पिता?

झाडं दीड महिन्याची झाली आणि गुपित आपोआप फुटलं. कंपनीचं वाण उपटं, उभं वाढणारं, शाळेतल्या पोरांसारखं सरळ रांगेत. गावचं वाण पसरं, जमिनीवर आडवं हातपाय पसरणारं. पहिल्या तासात जागोजागी साठेक झाडं लोळत होती. निकेशनं मोटरसायकल वाटेवर उभी केली आणि तिथूनच त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बुधरीबाई, हे काय हाये?"

"मूठ हाये."

"मूठ म्हंजे?"

"गावाची मूठ."

"मी सांगतलं होतं ना दुसरं बियाणं मिसळू नका? तुमी नाई म्हनल्या होत्या."

"दुसरं कुठी हाये सर? गावाचंच तं हाये."

निकेशनं डोक्याला हात लावला. "बाई, याले भेसळ म्हनतात. परवा तपासणीचे साहेब येऊन राह्यले. वाटेवरचं पयलंच तास हाये, त्यायची नजर आधी इथीच पडन. एक झाड दिसलं तं पूर्ण प्लॉट फेल. सगळं घाण्यात जाईन, तेलाले. उपटा हे."

"मूठ उपटत नसतात, सर."

"मंग गावाले बियाणं भेटत नाई."

एवढं बोलून तो झाडाच्या सावलीत फोन पाहत बसला. बुधरी बांधावर बसली. तिनं लालसूकडं पाहिलं, तर लालसू आभाळाकडं पाहत होता. सकाळ अर्धी सरली. एकीकडं तीस घरांच्या तीस शेंगा. दुसरीकडं त्याच तीस घरांची पुढली सगळी वर्षं. आणि मधे वहाबभाईचं ते टरफल. शेवटी ती उठली. एकेक झाड धरलं, गोंडीत काहीतरी पुटपुटली आणि उपटलं. आऱ्या, म्हणजे फुलांतून खाली उतरणारे देठ, नुकत्याच मातीत शिरल्या होत्या. त्यांच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढ्या शेंगा धरू लागल्या होत्या, पांढऱ्या. ती रडली. बुधरीला रडताना लालसूनंसुद्धा तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

साठ झाडांची पेंढी झाली. निकेश हरखला. "उभ्या राहा बाई, फोटो काढतो. वर पाठवा लागते. हातात धरा. हं. हसा ना थोडं."

बुधरी हसली. सर म्हणाले म्हणून हसली.

फोटो दहा मिनिटांत कंपनीच्या ग्रुपवर गेला. खाली निकेशनं मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं, "आदर्श बीजोत्पादक बुधरीताई यांनी शेतातील भेसळ स्वतः उपटून काढली. अभिनंदन!" आणि टाळ्या वाजवणारे तीन हात. त्या ग्रुपमध्ये बेलकुडीची अकरा पोरं होती.

दोन दिवसांनी साहेब आले. शेत पाहून खूश झाले. पहिलं तास जागोजागी रिकामं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा निकेशनं छाती फुगवून सगळं सांगितलं. साहेब चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "एवढ्याशा झाडांनी काय होतं रे? हजारात दोन चालतात की. अर्ध्या एकरात पन्नास-साठ हजार झाडं आहेत. पास झालंच असतं."

निकेश ओशाळला. बुधरीला नीट कळलं नाही म्हणून तिनं परत विचारलं. साहेबांनी परत सांगितलं, सावकाश, लहान पोराला सांगावं तसं. मग तिच्याच्यानं चहा संपवला गेला नाही.

पोळा दोन दिवसांवर आला असताना लटारूला मण्यार चावली. लटारू म्हणजे बुधरीच्या शेजारच्या नीलाबाईचा नवरा, खाली जमिनीवर निजलेला. त्याला खाटेवर टाकून नाल्यापर्यंत आणलं, तर नाला भरून वाहत होता. अँब्युलन्स पलीकडच्या काठावर उभी राहिली आणि लटारू अलीकडच्या. पाणी उतरेपर्यंत तो उरला नाही. त्या नाल्यावर पूल होणार हे बेलकुडीनं बारा वर्षं ऐकलं आहे. पण नाल्याला दोषी धरता येत नाही. त्याला मोहाखाली बोलावून उभं करता येत नाही. बुधरीला करता आलं.

सगळं गाव जमलं. एका पोरानं फोन मधोमध धरला. फोटोत बुधरी झाडांची पेंढी हातात घेऊन हसत होती. पोरानं खालचा मजकूर मोठ्यानं वाचला, आणि भेसळ या शब्दाशी थांबून पुन्हा वाचला.

नीलाबाईचं कपाळ कोरं होतं. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "माह्या घरची शेंग तुले भेसळ वाटली, बुधरी? उपटली, तं उपटली. हासून काऊन राह्यली होती?"

याला काय उत्तर द्यायचं? सर म्हणाले म्हणून, असं सांगायचं? बुधरीनं तेच सांगितलं. कुणीतरी मागून फिसकन हसलं.

"गावासाठीच केलं," ती म्हणाली. "तुमा सगळ्यायले चांगलं बियाणं भेटलं पाह्यजे म्हनून. लटारूभाऊले साप चावला. माह्यं काय हाये त्यात?"

"हे तं मूठ मारनं झालं," गडचिरोलीला शिकून आलेला एक पोरगा म्हणाला. शिकलेलाच म्हणाला. मूठ धरली की पेरणी होते आणि मूठ मारली की करणी होते, शब्द तोच. तो उच्चारला गेला आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावरची अडचण मिटली. आतापर्यंत त्यांना राग होता पण नाव नव्हतं. आता नाव मिळालं.

पोचू बराच वेळ जमीन उकरत बसला होता. "माह्याकडं आली असती तं अंडं ठेवून सोडवली असती मूठ," तो म्हणाला. "दोन घटकेचं काम. मंग उपटाले हरकत नोती. इचारलं काऊन नाई?"

म्हणजे साहेबांकडंही सवलत होती आणि देवाकडंही. फक्त बुधरीला सांगायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तिनं विचारलं नाही हे खरं. माणूस घाईत आणि भीतीत विचारत नाही. पण मोहाखाली हे कोण ऐकणार?

निकाल झाला. बेलकुडीनं तिला मारलं नाही, दंड केला नाही, आणि या चांगुलपणाचा गावाला आजही अभिमान आहे. फक्त तिची मूठ सुपात पडणार नाही, तिच्या शेतात कुणी कामाला जाणार नाही, आणि गावात घरं एकोणतीस. पोचूनं तीस ऐवजी एकोणतीस असं तोंडानं म्हणून दाखवलं, कुणाच्या मोजण्यात चूक राहू नये म्हणून. निकेशला कळलं तेव्हा त्यानं फोटो लगेच काढून टाकला. "डिलीट केला, बाई," असं त्यानं फोनवर सांगितलं. ती हो म्हणाली.

फल्ली दोघांनीच काढली. रानडुकरं हाकायला लालसू शेतातल्या माळ्यावर, उपटायला बुधरी, वाळवायला बुधरी. आणि काय फल्ली भरली! एका झाडाला मूठभर शेंगा, शेंगेत दोन दाणे, टरफलाला टेकलेले. तिनं कानाशी धरून हलवली आणि तिला इतका आनंद झाला की ती सांगायला शेजारच्या दाराशी गेलीसुद्धा. मग दार बंद पाहून तिला आठवलं.

तरी तिनं सोडलं नाही. हट्टीच होती. सुपात शेंगा भरून ती घरोघर गेली. "घ्या, पास झालेलं हाये, तुमच्यासाठीच ठेवलं." कुणी दार उघडलं नाही. तिनं नीलाबाईच्या उंबऱ्यावर सूप ठेवलं आणि परत आली. सकाळी सूप तिच्याच अंगणात होतं. तिनं शेंगा मोजल्या. एकही कमी नव्हती. निदान चार तरी कुणी चोरायच्या होत्या, असं तिला वाटलं, आणि मलाही वाटतं.

आठ दिवसांनी कंपनीची गाडी आली. निकेश बिचारा तिचं मन राखायला म्हणाला, "पिकते तिथी विकत नाई, बाई. मोठ्या बाजारात जाऊ द्या." तिनं तिच्या हातानं पोती शिवली. पोत्यांवर टाकलेला नंबर तिनं ढोलीच्या बाजूला भिंतीवर कोळशानं उतरवून घेतला. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. स्वतःपुरतं एक गाठोडं तिनं मागं ठेवलं.

वैशाख लागला. सवलतीच्या योजनेत तालुक्याच्या कृषी केंद्रातून बेलकुडीला फल्लीचं बियाणं आलं. घरटी एक पिशवी, मशीननं शिवलेली, कोपऱ्याला निळी चिठ्ठी. यादी गावानंच दिली होती, त्यामुळं पिशव्या एकोणतीस. सगळ्यांनी रांगेत उभं राहून, अंगठे देऊन घेतल्या. नीलाबाईनं अंगणात पिशवी उसवली आणि चिठ्ठी वाऱ्यानं कुंपणातून बुधरीकडं आली.

बुधरीनं चिठ्ठी उचलली. घरात जाऊन भिंतीवरच्या कोळशाशी ताडून पाहिली. मग कुंपणाशी आली. तिच्या आवाजात राग नव्हता. आनंद होता, वेडीचा.

"नीला! हे माह्यं हाये. माह्या टेकाडावरचं. नंबर पाह्य, चल घरात. म्या शिवलेल्या पोत्यायतलं हाये."

नीलाबाईनं पिशवी आपल्यामागं ओढली. "सरकारी हाये हे. शिवेल हाये, चिठ्ठी हाये. तुहं नाव कुठी हाये त्यावर? दाखव."

नाव कंपनीचं होतं, वाणाचं होतं, केंद्राचं होतं. बुधरीनं चिठ्ठी उलटी केली. मागं काहीच नव्हतं.

"टाक ती खाली," नीलाबाई म्हणाली. "तुहा हात नोको लागाले."

पंडुमच्या दिवशी बुधरी तरी गेली. नवं लुगडं नेसून, मूठ भरून, सगळ्यात शेवटी उभी राहिली. पुढं एकोणतीस घरांच्या मुठी सुपात पडत होत्या. शेंगा एकसारख्या, टपोऱ्या, नव्या पिशवीतल्या. पोचू त्या सुपात हात फिरवत म्हणाला, "यंदा मूठ बाकी साजरी हाये." तिचा नंबर आला तेव्हा त्यानं सूप उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं. म्हाताऱ्याला वाईट वाटत असावं. पण सूप ठेवलं ते दुसऱ्याच बाजूला.

मग तिनं लालसूला पाहिलं. तो थोरल्या भावाच्या मागं उभा होता, मान खाली घालून. भावाच्या घरातून दोन मुठी गेल्या, एक भावाची आणि एक लालसूची. त्याच्या मुठीत तिनंच राखलेल्या गाठोड्यातल्या शेंगा होत्या. पोचूनं त्या घेतल्या.

संध्याकाळी लालसू घरी आला आणि दाराशीच थांबला. "दादाच्या नावानं देली," तो म्हणाला. "माणसाले गाव लागते, बुधरी. तू राग नोको मानू."

त्यानं भावाच्या घराला परत मिळालेल्या मुठींपैकी आपली एक तिच्यापुढं पानावर ठेवली. बुधरीनं मोजली. एकोणतीस. मग तिनं एकेक शेंग उचलली, कानाशी धरली आणि हलवली. पहिली भरलेली होती. दुसरीही. तिनं एकही सोडली नाही, शेवटचीपर्यंत हलवून पाहिली. एकोणतीस घरांच्या एकोणतीस शेंगा, एक पोचट नाही. सगळ्या तिच्या होत्या.